काचेच्या बुचांचं वाण

इंदूताई,

तुझा भाऊ अमरावतीहून गाड्या बदलत बदलत इथे पोचला तेव्हा तुझं सगळं होऊन गेलं होतं. बिचारा तुझ्या खोलीत मधोमध उभा राहिला आणि मला विचारू लागला, "इंदूनं इतकी वर्षं जयपुरात केलं तरी काय हो?" मी म्हटलं, "कॉलेजात केमिस्ट्री शिकवली." पुढे काहीतरी सांगायला हवं असं वाटलं म्हणून म्हणाले, "आणि बुचं केली." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू रडून रडून या बाईचं डोकं फिरलंय. मग मी तुझ्या खिडकीतली ती रांग दाखवली. हिरवी, निळी, मधाच्या रंगाची, डोक्यावर पानं असलेली, फुलं असलेली, एक तर चक्क फुगडी घालणाऱ्या दोन बायकांचं. काचेची बुचं, आणि खाली बाटली एकालाही नाही. तो एक उचलून उजेडात धरून बराच वेळ बघत होता.

मला त्याला खूप सांगायचं होतं. पण तो थकला होता, परका होता, आणि खरं सांगायचं तर मला ते त्याला सांगायचंच नव्हतं, तुला सांगायचं होतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुमे, थोडक्यात सांग, मला पेपर तपासायचे आहेत." आता काही पेपर नाहीत तुला. ऐक निवांत.

आपली ओळख आठवते? आमची बदली होऊन आम्ही जयपूरच्या बनीपार्कात नुकते आलो होतो. नवे पैसे तेव्हा नुकते निघाले होते आणि भाजीवाला आणे सांगायचा, मी पैसे द्यायची, रोज सकाळी फाटकाशी तमाशा. त्यात माझ्या लेकीने, मीनूने, गाडीवरची गाजरं खाली ओढली आणि मी तिच्यावर भर रस्त्यात साताऱ्याच्या आवाजात ओरडले. सायकलवरून जाणारी एक बाई थांबली, पाय जमिनीला टेकवला आणि म्हणाली, "काहून ओरडून राहिली हो त्या लेकराला?" मला रडूच फुटलं. कितीतरी दिवसांत घराबाहेर कोणी मराठीत माझ्याशी भांडलं नव्हतं. मी तुला आत नेलं, चहा केला, "बसा ना, घ्या ना" म्हणू लागले, तर तू कप खाली ठेवून म्हणालीस, "अहो-जाहो केलंस तर परत येणार नाही. ताई म्हण आणि तू म्हण." मी तुझ्यापेक्षा चांगली आठ-नऊ वर्षांनी लहान. पण तू परत यावीस ही गरज माझी होती.

त्याच दिवशी तू माझी तेलाची बाटली चोरलीस. मी चोरीच म्हणणार. जयपूरच्या थंडीत खोबरेल दगडासारखं थिजायचं. ते मी उन्हात ठेवलं होतं, आणि बाटलीचं जुनं बूच कुरतडून कुरतडून निम्मं आत पडलेलं. तू ती बाटली उचललीस, तोंडातून एक डोळा मिटून पाहिलंस, तेल माझ्या वाटीत काढून ठेवलंस आणि बाटली पिशवीत टाकून निघून गेलीस. माई, म्हणजे आमच्या सासूबाई, दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "ही मास्तरीणबाई डोक्याने बरी आहे ना?"

पुढच्या आठवड्यात बाटली परत आली. आतबाहेर लखलखीत घासलेली आणि तोंडावर काचेचं बूच. वर डाळिंबाच्या कळीसारखं डोकं, आणि त्यात लाल धागा फिरत फिरत वर गेलेला. मी ते काढून पुन्हा बसवलं. करकर न करता, ओलं बोट काचेवरून फिरावं तसं ते बसलं. मी म्हटलं, "अगं, खोबरेलाला एवढं कशाला?" तू म्हणालीस, "खोबरेलाला नाही, तुला."

तुझी ती भेट द्यायची रीत मला कधी पटली नाही, ताई, आणि आजही पटत नाही. लोक बाटली देतात, अत्तर देतात, बरणी देतात. तू नुसतं बूच द्यायचीस. तेही आधी त्या माणसाच्या घरातून बाटली पळवून, तिच्या तोंडाला घासून बसवून. म्हणजे ते दुसऱ्या कुठल्याच बाटलीला बसायचं नाही. मी म्हणायची, "सरळ एखादी नवी बाटलीच का देत नाहीस? जोडी तरी दिसेल." तू म्हणायचीस, "बाटली ज्याची त्याच्याकडे असतेच गं. तिला डोकं नसतं." मी म्हणायची, उद्या बाटली फुटली तर तुझं बूच काय कामाचं? तू म्हणायचीस, तर मग माझी आठवण काढ आणि दुसरी बाटली घेऊन ये. हा वाद आपण किती वेळा घातला असेल. तू आपली हसून सायकलवर बसायचीस, आणि मला मागाहून चांगलं उत्तर सुचायचं.

कॉलेजात तुझी प्रयोगशाळा पाहायला मी आले तो दिवस मला सणासारखा आठवतो. सुट्टीच्या दिवशी तू मला आणि माईंना टांग्यातून घेऊन गेलीस. माई यायला तयारच नव्हत्या. "तिथे कशाकशाचे द्राव असतात" म्हणाल्या, आणि मग सगळ्यांच्या आधी टांग्यात जाऊन बसल्या. फुटलेल्या नळ्या परगावी पाठवून दुरुस्त करून आणायला महिने लागायचे, म्हणून तूच ते काम शिकून घेतलं होतंस. पायाने भाता चालवायचा, ज्योत निळी करायची, काचेच्या कांडीचं टोक त्यात धरायचं. टोक लाल झालं, मऊ झालं, त्याचा गोळा झाला, तू तो लोखंडी पट्टीवर लोळवून निमुळता केलास. माई पदर नाकाला लावून दोन पावलं मागे उभ्या होत्या. थोड्या वेळाने बघितलं तर माई माझ्या पुढे.

"आता गरम राखेत निवायला ठेवायचं," तू सांगितलंस. "घाई केली तर तडकतं. आणि दोन वेगळ्या काचा एकत्र केल्या, त्यांचं एकमेकींशी पटलं नाही, तर निवताना हमखास तडकतं."

"म्हणजे सासू-सुनेसारखंच की," माई म्हणाल्या.

तू इतकी हसलीस की भात्यावरून पाय घसरला आणि ज्योत विझली. माईंनी कोणाला तरी हसवलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होते.  घरी आल्यावर त्यांनी अंघोळ केली, लुगडं बदललं, आणि मग मला हळूच विचारलं, "माझ्या गंगेच्या बाटलीला करील का गं ती एक?"

रंगासाठी तू बांगड्यांचे तुकडे वापरायचीस. मला ते आधी ठाऊक नव्हतं. आपल्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, आणि तुकडे कुठे डोळ्याआड टाकतात. तू तेच मागत फिरायचीस. आपल्या सगळ्या मराठी बिऱ्हाडांत तुझा एकेक डबा ठेवलेला. बँकवाल्यांच्या घरी, डॉक्टरीणबाईंकडे, माझ्याकडे. चाकसूच्या शीतलामातेच्या जत्रेला आपण बसने गेलो, तेव्हा तर कहर केलास. सगळा बाजार बांगड्यांच्या दुकानांपुढे वर मान करून उभा, आणि तू खाली मान घालून मातीतले तुकडे पदरात वेचतेस. दुकानदारीण म्हणाली, "टूटी चूड़्यां को काईं करोला, बाईसा?" तू तिला हिंदीत या तुकड्यांचं काय करणार त्याची सगळी कृती समजावून सांगायला बसलीस. माई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "विधवा बाईने फुटक्या बांगड्या पदरात घ्याव्यात? बघवत नाही मला."  माईंच्या स्वतःच्या हातातही बांगड्या नव्हत्या. त्या तर माझे यजमान पाळण्यात असल्यापासून नव्हत्या. तू मात्र ऐकलंस. तू वर न बघता म्हणालीस, "काकू, माझ्या वाढवल्या त्यांचे तुकडे कोणी मला ठेवू दिले नव्हते. म्हणून आता सगळ्यांचे गोळा करून राहिली मी." आणि लगेच, "हा बघा, हा जांभळा किती सुंदर आहे!"

तुझ्या तोंडून तुझ्या लग्नाबद्दल मी ऐकलेलं एवढंच वाक्य.

मग आली ती संक्रांत. माझं जयपूरमधलं पहिलं मोठं हळदीकुंकू. वाण काय लुटायचं यावर माझा खल चालला होता. इथे वाटी दिली तरी पितळेची, आणि प्रत्येकीकडे आधीच ढीग. तू म्हणालीस, "मी देतो तुला बुचं." अमरावतीकडची बाई रागात किंवा आनंदात असली की 'देतो' म्हणते, हे मला एव्हाना कळलं होतं. तू घरोघर जाऊन बाटल्या आणल्यास. कोणाची मधाची, कोणाची व्हिनिगरची, डॉक्टरीणबाईंची औषधाची निळी बाटली, आणि माईंची गंगेची. महिनाभर तू संध्याकाळी माझ्या मागच्या ओट्यावर बसून घासत होतीस. जौहरी बाजारात खडे घासणाऱ्यांकडून आणलेली कुरुंदाची पूड, पाणी, आणि बाटलीच्या तोंडात फिरणारं बूच. सगळ्यांच्या बांगड्यांचे तुकडे तू एकत्र केलेले, त्यामुळे कुठल्या बुचात कोणाची बांगडी ते देवच जाणे. तू प्रत्येक बूच कागदाच्या पुडीत गुंडाळून वर पेन्सिलीने नाव घातलंस. बाटल्या बाहेरच्या खोलीत टेबलावर मांडल्यास.

मी म्हटलं, "आणि उद्या तू नऊवारी नेसून ये. माझ्याकडे आहे."

"मी आत बसणार. तीळगूळ वळायला कोणीतरी लागेल ना." तू असं म्हणालीस जणू तीळगुळाचाच प्रश्न होता. हळदीकुंकवाला विधवा बाई बाहेर बसत नाही, हे तुलाही माहीत आणि मलाही. पण इथे, या परक्या गावात, तू केलेलं वाण मी लुटणार आणि तू आतल्या खोलीत गूळ वळणार? माझा जीव नुसता जळत होता.

संक्रांतीच्या सकाळी माईंनी घोटाळा केला. असा घोटाळा फक्त आमच्याच घरात होऊ शकतो. कॉलेजातून आलेली वस्तू. देवाच्या पाण्यावर बसायची. ती तशीच कशी चालेल? त्यांनी सगळ्या पुड्या सोडल्या, बुचं परातीत घातली, चिंचेने घासली, राखेने घासली, सोवळ्यात तीन पाण्यांतून काढली, आणि पांढऱ्या धोतरावर उन्हात मांडून ठेवली. सुंदर मांडली होती, रंगारंगांनी. आणि पुड्यांचे कागद त्यांनी बंब पेटवायला घातले.

दुपारी बायका जमल्या. वर गच्च्यागच्च्यांतून "वो काटा!" चा दंगा, पतंगांमुळे आकाश दिसत नव्हतं. नावांच्या पुड्या गेल्याचं माझ्या ध्यानातच नव्हतं, मी ऐटीत तबक फिरवलं आणि म्हटलं, आपापलं वाण आपापल्या बाटलीला लावून पाहा. आणि काय ताई, एकही बसेना! एक आत बुडतंय, एक वर डुगडुगतंय. बायका एकमेकींच्या हातातून बुचं हिसकू लागल्या. "माझं तर हिरवं होतं!" "तुम्हाला कुणी सांगितलं हिरवं?" एवढ्यात डॉक्टरीणबाईंनी एक बूच कशात तरी जोर लावून दाबलं आणि ते कच्चकन अडकलं. पाहिलं तर माईंची गंगेची बाटली.

आतून माई उंबऱ्यापर्यंत आल्या. उंबरा ओलांडला नाही. त्यांनी टेबल पाहिलं, बाटली पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी तोंडाला पदर लावला. मागे वळून त्या ओरडल्या, "मास्तरीणबाई! उठा! बाहेर जा, तुमचंच काम आहे ते."

तुझा आवाज आला, "मी कशी जाऊ काकू? हळदीकुंकू चाललंय ना."

"ते हळदीकुंकू राहू दे बाजूला! गंगा अडकलीय माझी!"

आणि मग माईंनीच तोड काढली. मला म्हणाल्या, करंडा झाक. मी कुंकवाच्या करंड्यावर रुमाल टाकला. म्हणजे तेवढा वेळ ते हळदीकुंकू नाही. नुसत्या चार बायका बसल्यात. तू हात पुसत बाहेर आलीस, सतरंजीवर मधोमध मांडी घातलीस, आणि एकेक बूच उचलून बाटलीच्या तोंडात हलकेच फिरवून कान देऊन ऐकू लागलीस. "हे मधाचं. हे नाही. हे घ्या, हे तुमचं." बायका शाळेतल्या मुलींसारख्या गप्प. गंगेची बाटली तू मांडीवर घेतलीस, तिच्या गळ्याभोवती गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळलंस, पळीच्या दांड्याने दोन हलके ठोके दिलेस, आणि बूच हातात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माईसुद्धा उंबऱ्याआडून वाजवत होत्या.

मला राहवलं नाही. मी रुमाल काढला, करंडा उचलला, बोट कुंकवात बुडवलं आणि तुझ्यासमोर बसले. सगळ्यांदेखत. तू माझं मनगट धरलंस. जोरात नाही.

"नको, सुमे."

"का नको? मला नाही काही वाटत. इथे कोणालाच काही वाटत नाही."

"तुला वाटत नाही हे दाखवायला माझं कपाळ कशाला पाहिजे?" तू हळू बोललीस, पण बोललीस. मग आतल्या दाराकडे मान केलीस. "आत कोण बसलंय बघ. आधी त्यांना. मग मला." आणि माईंची बाटली घेऊन तू आत निघून गेलीस.

तेव्हापासून दर संक्रांतीला तीच तऱ्हा. आपल्या मंडळींच्या हळदीकुंकवात एक नवीच रीत पडली. वाण लुटायची वेळ आली की करंडा झाकायचा, इंदूताईंना बाहेर बोलवायचं, त्या जिचं तिला बूच बसवून द्यायच्या, आत जायच्या, करंडा उघडायचा. नव्याने बदलून आलेल्या बायका विचारायच्या, हे काय? आम्ही सांगायचो, आमच्याकडे असंच असतं. बदली होऊन गेलेल्या बायका इंदूरला, दिल्लीला, कुठे कुठे तुझी बुचं घेऊन गेल्या. एकीने तिथे जाऊन लिहिलं, इथल्या हळदीकुंकवात करंडा झाकत नाहीत तर चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं. तुला वाचून दाखवलं तर तू हसत बसलीस. मला हसू आलं नाही. मी दर वर्षी तुझ्याशी भांडले. तू हट्टी, तू मानी, तू माझ्या घरात मलाच पाहुणी करतेस. तू म्हणायचीस, "मी अपवाद म्हणून बाहेर बसणार नाही. शिकलेली म्हणून, कमावते म्हणून मला सूट, आणि त्या वाईच्या, जुन्या वळणाच्या म्हणून त्यांना आतली खोली? असलं कुंकू मला काचेसारखं टोचेल." मी म्हणायची, माई काही कधी तयार होणार नाहीत. तू म्हणायचीस, मग मलाही घाई नाही.

आणि घाई नसलेली तू अशी एका हिवतापाच्या आठवड्यात निघून गेलीस. मी तुझ्यावर रागावले आहे, तुला कळतंय का? दवाखान्यात तू मला पाणी मागितलंस आणि मी दिलं, आणि तू म्हणालीस, "डॉक्टरीणबाईंची बाटली माझ्याकडे राहिलीय घासायची." एवढंच. तिथल्या दोन नर्सांसमोर मी काय बोलणार होते? मला म्हणायचं होतं की तू आलीस म्हणून हे गाव मला गाव वाटलं. मीनू आज मराठी अडखळत का होईना बोलते ती तुझ्या गोष्टी ऐकायला म्हणून, तिला तुझं "काहून" तेवढं पक्कं येतं, आणि शाळेतून येऊन मला विचारते, "आई, काहून रडून राहिली तू, मतलब, अजूनपण?" मला म्हणायचं होतं, सख्खी बहीण असती तर तिच्याशी मी इतकी भांडले नसते. तुझा डोळा लागला आणि मी तुझ्या पायांवरची चादर सारखी करत बसले.

एक गोष्ट तुला ठाऊक नव्हती. दोन वर्षांपूर्वी तू संक्रांतीला आत गेल्यावर मी संध्याकाळी चिडून माईंना ती तुझी अट सांगून टाकली होती. म्हटलं, तुमच्यामुळे अडलंय तिचं. तुम्ही बाहेर आलात तर ती येईल. माई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "वेडी आहे ती," एवढं म्हणाल्या आणि खडे बाजूला काढत राहिल्या. मला वाटलं, झालं. दगडावर पाणी.

तू गेलीस, तुला खोलीवर आणलंय, असं कॉलेजची बाई सांगत आली तेव्हा मी शाल घेऊन चौडा रास्ता भागातल्या तुझ्या खोलीकडे निघाले. टांगा फाटकाशी उभा होता. माई देवघरातून बाहेर आल्या. मी म्हटलं, "माई, तुम्ही थांबा, थंडी आहे." त्यांनी ऐकलं नाही. उजेडात आल्या आणि मला दिसलं, ताई. त्यांच्या कपाळावर कुंकू होतं. आरशात न बघता लावलेलं, जरा वाकडं, भुवयांच्या फारच जवळ. इतक्या वर्षांत बोटाला जागा आठवली नसणार. हातात करंडा.

"चल," त्या म्हणाल्या. "आधी मला, मग तिला. असंच म्हणाली होती ना?"

 तुझ्या खोलीत आपल्या सगळ्या बायका होत्या, कॉलेजातल्या होत्या. माईंना पाहून सगळ्या बाजूला सरकल्या. त्या कोणाकडे न बघता तुझ्या उशाशी बसल्या, गुडघे दुखतात तरी खाली बसल्या. तुझ्या कपाळावरचे केस मागे सारले. "बघ गं," त्यांनी तुला सांगितलं, "मी लावलंय." आणि मग तुला लावलं. तुझं मात्र सरळ लागलं, अगदी मधोमध.

तू हो म्हणाली असतीस का? मी सारखी विचारते आहे. माईंचं मनगट धरायला तू नव्हतीस. तू जिवंतपणी नको म्हटलेली गोष्ट आम्ही तू गेल्यावर करून टाकली, असंही कोणी म्हणेल, आणि कधी कधी मीच म्हणते. पण अट तुझी होती, आणि ती त्या म्हाताऱ्या बाईने शब्दशः पाळली. हा वाद मी तुझ्याशी कसा घालायचा ते मला कळत नाही. उत्तर दिल्याशिवाय निघून जायची तुझी सवयच होती.

संध्याकाळी परत आल्यावर माईंनी अंघोळ केली. कपाळ पुसलं गेलं. मी मनात म्हटलं, संपलं, तेवढ्यापुरतं होतं. त्या लवकर निजल्या. शेजारच्या बायकांनी एव्हाना बोलायला सुरुवात केली होती, दुसऱ्या दिवशी दूधवाल्यालासुद्धा माहीत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या करत होते. माई अंघोळ करून आल्या, देवपूजा केली, आणि करंडा घेऊन स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाटावर येऊन बसल्या. तोंड वर केलं, डोळे मिटले.

"काल वाकडं लागलं होतं म्हणे," त्या म्हणाल्या. "आज तू नीट लाव."

मी पिठाचे हात धुतले आणि लावलं.